लंडनच्या सहलीआधी तंजावर

पत्र : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, एसटीत कंडक्टर आहे. मुलगी आठवीत, सेमी-इंग्लिशला. गणित-विज्ञानात चांगले मार्क पडतात, इतिहासाचं तर वेड आहे. पण इंग्रजीत कुणी काही विचारलं की मान खाली घालते. एका टूर कंपनीने शाळेतल्या मुलांसाठी ‘संस्कृती आणि प्रवासातून इंग्रजी’ अशी ९ दिवसांची लंडन सहल काढली आहे, माणशी २ लाख ८० हजार. पतसंस्थेतून कर्ज मिळेल. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा नववीला पूर्ण इंग्रजी माध्यमात घाल. आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे घरी काहीच करता येत नाही. शिवाय इतिहासाच्या आवडीवर पुढे पोट भरेल का, ही काळजी आहेच. काय करू?

उत्तर :

दादा, कर्ज काढू नका आणि माध्यमही बदलू नका.

माध्यमाचं आधी सांगते. नववीला बदल केलात तर इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळंच नव्या भाषेत, आणि दहावी तोंडावर. ज्या विषयाने तिचे डोळे चमकतात, तोच पहिल्यांदा परका होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व पुढेही, घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे. तुमची मुलगी नेमकी तशी वाढली आहे. ते मोडू नका.

आता ती मान खाली का घालते ते बघू. सेमीच्या मुलांकडे इंग्रजी असतं, पण ते गणित-विज्ञानाचं. ‘डेन्सिटी’ म्हणजे काय हे ती इंग्रजीत सांगेल, पण ‘जरा सरकता का?’ हे तिला कधी इंग्रजीत म्हणावंच लागलेलं नाही. उलट ज्यावर ती तासभर बोलू शकते तो शिवकाळ तिच्याकडे फक्त मराठीत आहे. म्हणजे शब्द एका कप्प्यात आणि बोलण्याची हौस दुसऱ्या. हे दोन कप्पे एकत्र आले की मूल बोलायला लागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मग लंडन का नको? शहर सुंदरच आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन तिथे स्मारक केलं आहे, ते आपल्या प्रत्येक मुलाने बघावं असं मला मनापासून वाटतं. पण चाळीस मराठी मुलं, बरोबर मराठी टूर मॅनेजर, जेवणही आपलंच, अशा बसमध्ये मूल नऊ दिवसांत इंग्रजी बोलणार कुणाशी? मी अशा सहलींहून आलेल्या मुलांशी बोलले आहे. फोटो भरपूर असतात. ‘तिथे कुणाशी बोललीस?’ विचारलं की गप्प. ती मोठी होऊन शिष्यवृत्तीवर जाईल तेव्हा तेच लंडन तिला दहापट मिळेल.

त्याऐवजी तिला घेऊन तमिळनाडूत जा. खरंच सांगते. तिकडच्या लहान गावांत आपली मराठी चालत नाही, हिंदीही फारशी नाही. मधे उरते ती इंग्रजी, तीही समोरच्याची आपल्यासारखीच मोडकीतोडकी. त्यामुळे लाज वाटत नाही. आणि तो मुलूख आपल्या इतिहासाचा आहे.

काही वर्षांपूर्वी मी आठ-दहा मुलांना तंजावरला नेलं होतं. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ. त्याच्या आवारातल्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. भिंतच्या भिंत भरून. आमच्यातली एक मुलगी, अगदी तुमच्या लेकीसारखी अबोल, बोट फिरवत फिरवत अक्षरं लावत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, ‘कॅन यू रीड धिस?’ ती आधी माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. मग ती म्हणाली, ‘येस. धिस इज माय लँग्वेज.’ पुढे ‘घराणं’ या शब्दापाशी अडली. ‘फॅमिली… नो, किंग्ज फॅमिली… फादर, सन, सन, सन…’ असं म्हणत हाताने पायऱ्या दाखवल्या. बाईंना कळलं, त्या म्हणाल्या, ‘डिनॅस्टी?’ तो शब्द त्या मुलीने रात्री जेवताना तीनदा वापरला. शाळेत पाठ करून तो आठवडाभरही टिकला नसता.

तुम्ही तिथे जाल तेव्हा वाटेत जिंजीला उतरा. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो किल्ला घेतला, पुढे राजाराम महाराजांनी तिथूनच मोगलांशी झुंज दिली. २०२५ मध्ये मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. तिथे बस शोधणं लेकीवर सोपवा. लोक गावाला ‘सेंजी’ म्हणतात, हे तिला विचारल्यावरच कळू दे. तुमच्या गाडीत मराठी न येणारा प्रवासी चढतो तेव्हा गावाचं नाव, दोन शब्द आणि हातवारे यांवर तुम्ही त्याला बरोबर पोचवता ना? तेवढ्याच भांडवलावर ती सुरुवात करेल. किल्ल्यातल्या राजगिरी टेकडीचा चढ दमवणारा आहे, सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात जाऊ नका. दिवाळीच्या सुमारास तिकडे पावसाळा असतो, तेव्हा डिसेंबरअखेर किंवा जानेवारी बरा. चार दिवस शाळा बुडाली तरी चालेल.

आणि तुम्हाला दोघांना इंग्रजी येत नाही, हे तर इथे कामालाच येईल. पुरातत्त्व खात्याच्या पाटीपुढे उभं राहून आईने विचारायचं, ‘काय लिहिलंय गं?’ आईला खरंच जाणून घ्यायचं आहे, हे मुलीला माहीत असतं, म्हणून ती सांगते. मास्तरांनी तोच उतारा दिला असता तर तिला मार्कांची भीती वाटली असती. फक्त एक पाळा. ती चारचौघांत बोलत असताना ‘नीट बोल’ म्हणू नका, हसू तर मुळीच नका.

जाण्याआधी महिनाभर अजिंक्यताऱ्यापासून सुरुवात करा. रविवारी गडावर जायचं आणि एका दरवाजाबद्दल तिने इंग्रजीत पाच वाक्यं बोलायची, तुम्ही ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची. पुढच्या रविवारी तीच पाच, अधिक दोन. तिला आधीपासून माहीत असलेलंच बोलायचं असल्यामुळे सगळं लक्ष भाषेवर राहतं.

पोटापाण्याचं म्हणाल, तर इतिहासाची जाण आणि दोन भाषांत सहज बोलता येणं अशी जोडी कमी मुलांकडे असते. पर्यटकांना वाट दाखवणाऱ्यांसाठी पर्यटन मंत्रालयाचा ‘इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर’ हा प्रमाणपत्राचा कार्यक्रम आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र दोन्ही शिकता येतं. भाषेकडेच वळावंसं वाटलं तर हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे. संग्रहालयं, भाषांतर, वारसा सहली आखणं, या वाटाही आहेत. सुरुवातीला पगार बेताचाच असतो, हे लपवत नाही. पण निवड आत्ता करायची नाहीये. दहावीपर्यंत तिचा इतिहास आणि तिचं बोलणं दोन्ही जिवंत ठेवा, मग तिला घेऊन प्रत्यक्ष भेटा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरअखेरचं तिकीट काढायचं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बसा. मोबाइलवरचा इंग्रजी फॉर्म तिला भरू द्या, तुम्ही शेजारी बसून फक्त पैसे भरा.