फुटबॉल आत्ताच सोडू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बास्केटबॉलमध्ये पुढे जायचं असेल तर फुटबॉल बंद कर, असं सर म्हणतात आणि तू कात्रीत सापडली आहेस. नववीतच एक खेळ पक्का करण्याची ही घाई मला पटत नाही. का, ते एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गाजलेल्या स्टीव्ह नॅशवरून सांगतो.

नॅश कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा. वडील दक्षिण आफ्रिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, भाऊ मार्टिन पुढे कॅनडाच्या फुटबॉल संघात गेला. हा स्वतः फुटबॉल, आइस हॉकी, लॅक्रॉस, रग्बी सगळंच खेळायचा. बास्केटबॉलकडे वळला तो बारा-तेराव्या वर्षी. तरीही १९९२ मध्ये त्याने शाळेला प्रांताचं विजेतेपद मिळवून दिलं.

त्याच्या जुन्या मॅचेस काढून बघ. रिंगखाली कोंडी झाली की बहुतेक गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारे खेळाडू, तो हातात धरतात आणि तिथेच फसतात. नॅश ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत नेणं, सोडायचाच नाही. बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या रेषेजवळून, रिंगच्या खालून पलीकडे निघायचा, मान वर, आणि तोवर कुणीतरी मोकळं झालेलं असायचं. जागा कुठे उघडतेय हे आधीच हेरणारी ती नजर मला तर सरळ फुटबॉलच्या मिडफिल्डरची वाटते. २००५ च्या डंक स्पर्धेत (उडी मारून चेंडू रिंगमध्ये कोंबण्याच्या) तर त्याने चक्क हेडर मारून, म्हणजे डोक्याने, संघातल्या साथीदाराला, स्टॉडमायरला, पास दिला होता!

अर्थात, नुसतं चार खेळ खेळून कुणी एनबीएत जात नाही. शाळेच्या कोचने तीसहून जास्त अमेरिकन विद्यापीठांना त्याच्यासाठी पत्रं पाठवली, पण शिष्यवृत्ती दिली एकट्या सांता क्लाराने. तिथे तो कॅम्पसमध्ये टेनिसचा चेंडू ड्रिबल करत फिरायचा. १९९३ मध्ये बलाढ्य ॲरिझोनाविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याने लागोपाठ सहा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक) घातले आणि सांता क्लारा जिंकलं. १९९६ मध्ये एनबीएतल्या फिनिक्स संघाने त्याला पंधराव्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे त्याच फिनिक्सकडून तो २००५ आणि २००६ मध्ये एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. फ्री थ्रोची कारकिर्दीची सरासरी ९० टक्क्यांच्या वर. खेळाडू म्हणून एनबीएचं विजेतेपद मात्र कधीच मिळालं नाही, आणि म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

म्हणजे निवड करावी लागेलच, पण सगळीकडून शिकून झाल्यावर. दहावीनंतर कर. तोवर फुटबॉल चालू ठेव.

एक गोष्ट मात्र कडक पाळ. दोन्ही सरांचा पूर्ण सराव एकाच दिवशी करायचा नाही आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. नॅशला पाठीचा इतका त्रास होता की बदली खेळाडू आत असताना तो बाकावर न बसता मैदानाच्या कडेला आडवा पडायचा. तुझा गुडघा दुखतोय असं तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहेस. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. या आठवड्यात डॉक्टरांना दाखव, काय म्हणाले ते कळव. सरांशी मी बोलायचं का, तेही आईला विचारून सांग.

तुझा,
काका