कोल्हापूरजवळ एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) चालवायला मातीच्या वाटा कुठं आहेत? पन्हाळा ते पावनखिंड सायकलनं होईल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळं नुकतेच कोल्हापुरात आलात, हार्डटेल सायकल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली) आहे, घाटातल्या डांबरी रस्त्यांचा कंटाळा आलाय, रानातल्या वाटा हव्यात आणि पहिल्याच महिन्यात पन्हाळा ते पावनखिंड करायचा विचार आहे. गेली अकरा वर्षं मी याच डोंगरांत सायकल चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावनखिंड होईल, पण पहिल्या महिन्यात नको. मी ज्या वाटांवर चालवतो त्यातली एकही सायकलसाठी आखलेली नाही. कुणाची गाडीवाट आहे, कुणाची गुरं चारायला न्यायची वाट आहे, काही जोतिबाला चालत जाणाऱ्यांनी तुडवून केलेल्या आहेत. आपण तिथं पाहुणे. त्यामुळं माझा एकच नियम आहे: नवी वाट आधी पायी, मग सायकलवर. कडा कुठं आहे, ओढा कुठं आडवा येतो, कुणाच्या परड्यातनं जावं लागतं, हे चालल्याशिवाय कळत नाही.

आपला मुलूख समजून घ्यायचा तर डावा पंजा पसरून बोटं पश्चिमेकडं करा. मनगटाशी कोल्हापूर. बोटं म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला येणाऱ्या नद्या: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीजवळ त्या एकत्र येतात आणि पंचगंगा होते. दोन बोटांच्या मधे डोंगराची धार असते. नदीकाठी काळी माती, ऊस आणि पाणंदी, उतारावर झाडोरा आणि सुटे दगड, माथ्यावर जांभा खडक. एकाच सकाळी टायरखाली तीन तऱ्हेची जमीन येते. पाणंदीतली काळी माती भिजली की चाक आणि त्याला धरणाऱ्या फोर्कच्या मधे अशी गच्च बसते की चाक फिरायचं थांबतं. पावसाळ्यात तिकडं जाऊच नका.

सुरुवात कात्यायनीच्या डोंगरापासून करा. कळंब्याच्या पुढं, शहरापासून जवळ, चढ बेताचे. पडलात तरी तासाभरात घरी येता येतं. दोन-तीन रविवार तिथं उतार शिका: सीट खाली करायची, वजन मागं न्यायचं, टाचा दाबायच्या, आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

मग जोतिबा. शहरापासून 17-18 किलोमीटर. रविवारी मात्र टाळा, तो देवाचा वार. पायवाटेनं म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया येत असतात. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर त्या बाजूलाच फिरकू नका. इतर दिवशीही समोरून माणूस आलं की आपण उतरायचं, सायकल दरीच्या बाजूला धरायची आणि त्यांना डोंगराच्या बाजूनं जाऊ द्यायचं. "चांगभलं" म्हणा, तेही म्हणतील.

आता मसाई पठार. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. पन्हाळा शहरापासून 20 किलोमीटर. तिथून म्हाळुंग्याकडं जायचं आणि पठारावर चढायचं. वर पोचलात की एकापुढं एक सडे, म्हणजे खडकाळ माळ, पसरलेले दिसतात. पश्चिमेला तोंड केलं की उजव्या हाताला वारणेचं खोरं, डाव्या हाताला कासारीचं. मधून गाडीवाट जाते. हिवाळ्यात सकाळी दोन्ही खोऱ्यांत धुकं भरलेलं असतं आणि आपण कोरड्या उन्हात असतो. कडेला खाली पांडवदऱ्याची बौद्ध लेणी आहेत. सायकल वर ठेवून चालत जाऊन या.

कोरडा जांभा पॉलिश पेपरसारखा टायर धरून ठेवतो. तोच भिजला की त्यावर शेवाळ धरतं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी तिथं होतो, धुक्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. वाटेत डबकं आलं म्हणून गाडीवाट सोडून बाजूच्या हिरव्या सड्यावर सायकल घातली आणि पुढचं चाक सरळ निसटलं. कोपर सोलून निघालं. म्हशींमागं एक धनगर मामा होते, त्यांनी दगडी पाला चुरगाळून जखमेवर दाबला आणि म्हणाले, "पावणं, ह्यो सडा बैलालाबी उभा ऱ्हाऊ देत न्हाई, तुमचं रबर काय धरतंय?"

पण मला त्या दिवसाची आठवण आहे ती जखमेमुळं नाही. पडलो तेव्हा डोळे जमिनीला लागले होते. बोटाएवढ्या उंचीची सीतेची आसवं, गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, आणि दवबिंदू नावाच्या किडेखाऊ रोपाच्या लाल पानावर चिकटलेलं एक चिलट. ते सगळं खडकावरच्या बोटभर मातीत उगवलेलं. आणि त्यातून माझ्या चाकानं हातभर लांब पट्टा खरवडून काढला होता, खाली नुसता खडक दिसत होता. जिथं मातीच बोटभर, तिथं ती परत साठायला किती पावसाळे जातील कोण जाणे. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर मी पठारावर चालत जातो, सायकल नेत नाही. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तुम्हीही पावसाळ्यात सायकल नेऊ नका, आणि एरवी गाडीवाट सोडू नका, ही माझी मनापासून विनंती आहे.

उतारावरही हेच लागू होतं. मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक अडकतं आणि फरपटत मातीत चर पाडतं. पहिल्या वळवाचं पाणी त्याच चरातून धावतं, पुढच्या वर्षी तिथं ओघळ होतो, आणि मग गुरांनाही ती वाट उरत नाही. आपल्या डोंगरांवर पाऊस काय करतो ते जुलै 2021 मध्ये सगळ्यांनी पाहिलं, पन्हाळ्याला जाणारा रस्ताच खचला होता. म्हणून दोन्ही ब्रेक एकेका बोटानं, दाबायचे आणि सोडायचे. चाक घसरायला लागलं की तो उतार आपला नाही असं समजायचं आणि उतरून चालायचं.

मसाई तीन-चारदा करून झालं की मग पावनखिंड. 13 जुलै 1660 ला बाजीप्रभू जिथं पडले ती खिंड. पन्हाळ्यावरून विशाळगड साधारण 60 किलोमीटर भरतो. त्याच्या अलीकडच्या या खिंडीपर्यंत मला डिसेंबरात पूर्ण दोन दिवस लागले. मसाईवरून कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी असं जात जात पुढं म्हसवडे, पांढरपाणी. मधे कुठं कुठं डांबर झालंय, तिथं भराभर जाता येतं. पण जंगलाच्या टप्प्यांत ओढे आडवे येतात आणि दगडांच्या पायऱ्या लागतात, तिथं सायकल खांद्यावर. तेरा-चौदा किलोची सायकल दोन दिवस अधूनमधून उचलायची तयारी असेल तरच निघा. वाडीवर पोचलात की कुत्री धावून येतात. खाली उतरा, सायकल मधे धरा आणि माणसाला हाक मारा. एका वाडीवर मावशींनी न विचारता ताक दिलं होतं, पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांच्या नातवासाठी वह्या घेऊन गेलो.

खिंडीत मात्र सायकल न्यायची नाही. वरच ठेवा. तिथं चपला काढून उतरणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि जुलैत त्या वाटेवर हजारोंनी लोक चालत येतात, तेव्हा जायचंच असेल तर पायी जा.

राधानगरी अभयारण्याबद्दलही विचारलंय. 351 चौरस किलोमीटरचं रान, 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग. गव्यांसाठी राखलेल्या त्या रानात सायकल घालू नका. सायकलला आवाज नसतो आणि वेग असतो. वळणावर अचानक समोर आलात तर गव्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, आणि एकटा फिरणारा नर तर सगळ्यात अवघड. राधानगरीहून दाजीपूरला जाणारा रस्ता आहे, दिवसाउजेडी तेवढा करा, तोही सुंदर आहे. गवे पन्हाळ्याच्या बाजूलाही येतात, म्हणून मी हँडलला बैलाच्या गळ्यातली दोन घुंगरं बांधली आहेत. जनावरालाही कळतं आणि पुढं चालणाऱ्या माणसालाही.

सायकलचं थोडक्यात. हार्डटेल पुरेशी आहे. टायर 2.2 इंची आणि ट्यूबलेस करून घ्या, बाभळीचे आणि करवंदीचे काटे ट्यूब टिकू देत नाहीत. माझं वजन 70 किलो आहे, मी टायरमधल्या हवेचा दाब पुढं 23 आणि मागं 26 पीएसआय ठेवतो. पाणी म्हाळुंग्यातच भरून घ्या. उन्हाळा लागला की पठारावर पाण्याचा भरवसा नाही.

दिवाळी ते होळी हा चालवायचा उत्तम काळ, पण तोच ऊसतोडीचाही. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळापासून शहरापर्यंत उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकामागं एक लागलेल्या असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो आणि अंधारात बाहेर आलेला ऊस दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॉलीच्या टोकापासून माझा चेहरा हातभर अंतरावर वाचला. डोंगरात कितीही मन रमलं तरी सहाच्या आत शिवाजी पूल गाठा.