फाटकाला अडकवलेली थैली

«मावशी, मी गडचिरोली जिल्ह्यातला. माझे बाबा पोलीस दलात, सी-60 या नक्षलविरोधी पथकात होते. 2009 मध्ये नक्षलवाद्यांशी लढताना शहीद झाले. तेव्हा मी 5 वर्षांचा होतो, आज 22 चा आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. यंदा गावाने वर्गणी काढून चौकात बाबांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं आहे. 21 ऑक्टोबरला अनावरण आहे, आमदार साहेब येणार आहेत. पण आई म्हणते, मी स्टेजवर बसणार नाही. मातीचा नमुना बघायला नेलं तर ‘हे ते नव्हेत’ म्हणाली आणि माघारी फिरली. बाबांना मिशी नव्हती, नमुन्याला आहे, एवढंच कारण. कमिटीचं म्हणणं, पोलीस म्हटला की मिशी शोभते. 17 वर्षांत आई माझ्याशी बाबांबद्दल कधी धड बोलली नाही. खात्यातलं कुणी आलेलंही तिला चालत नाही. बाबांच्या पार्टीतले एक काका, थोडे लंगडतात, दर दिवाळीच्या आधी नव्या तांदळाची थैली आमच्या फाटकाला अडकवून जातात. त्यांची गाडी दिसली की आई आत निघून जाते आणि भरदुपारी चूल पेटवत बसते. लोक नावं ठेवायला लागलेत. शहीदाच्या पत्नीनं असं वागावं का? तिला कसं समजावू?»

समजावू नकोस. तिला सगळं समजलेलं आहे. चूल पेटवणं म्हणजे काय, हे तुला समजलेलं नाही.

अरे, भरदुपारी, जेवणं उरकल्यावर, बाई चूल कशाला पेटवते? तू लिहितोस, ती त्यांना टाळते. टाळायचं असतं तर ती मागच्या दाराने धानाच्या बांधीत निघून गेली असती, शेजारणीकडे जाऊन बसली असती. ती चहा टाकते, बाळा. 17 दिवाळ्या ती त्या माणसासाठी चहाचं आधण ठेवते आहे, आणि 17 दिवाळ्या पाणी उकळायच्या आत तो माणूस थैली अडकवून निघून जातो. मी तुमच्या घरात नव्हते, माझा अंदाज चुकूही शकतो. पण त्या चुलीला दुसरा अर्थ मला तरी सापडत नाही.

मग ती हाक का मारत नाही, म्हणशील. गावात राहतोस ना? नवरा गेलेल्या बाईनं परक्या पुरुषाला फाटकाशी थांबवून ‘या, बसा’ म्हटलं तर काय होतं, ते तुला मी पुण्याहून सांगायचं का? आज पुतळ्यावरून नावं ठेवणारी तोंडं तेव्हाही होतीच. आत यायला त्या माणसाला घरातल्या पुरुषाची हाक लागत होती, आणि घरातला पुरुष 5 वर्षांचा होता. आता तो 22 चा आहे आणि मला विचारतो आहे, आईला स्टेजवर कसं चढवू.

आता त्या काकांबद्दल. पत्रात तू त्यांना दोन ओळी दिल्यास, आमदारांना त्याहून जास्त मान दिलास. ‘पार्टीतले’ हा शब्द तू सहज लिहिलास, पण भरतीला जाणार आहेस तर त्याचा अर्थ नीट माहीत करून घे. 1990 मध्ये हे सी-60 पथक उभं राहिलं ते 60 जवानांचं, तुमच्याच जिल्ह्यातली, जंगल आणि गोंडी-माडिया बोली जाणणारी पोरं निवडून. पुढे त्याच्या पार्ट्या, म्हणजे तुकड्या, झाल्या. पार्टीला नाव कमांडरचं. ही माणसं दिवसदिवस रानात एकत्र चालतात, एका भांड्यातलं खातात, एकाला झोप लागावी म्हणून दुसरा जागतो. आणि 2009 कसं वर्ष होतं? फेब्रुवारीत मरकेगाव, 15 पोलीस गेले. मे महिन्यात हत्तीगोटा, 16. ऑक्टोबरमध्ये लाहेरी, 17. तुझे बाबा कुठे गेले ते मी इथे छापत नाही. पण त्या वर्षातून जो जिवंत, लंगडत का होईना, घरी आला, त्याच्या डोक्यात काय असेल याचा एकदा तरी विचार केलास? गेलेल्याच्या घरी तो ताठ मानेनं येऊ शकत नाही. म्हणून थैली फाटकाला.

21 ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन, तर तू पाठच केला असशील. 1959, लडाखमधलं हॉट स्प्रिंग्ज, चिनी सैन्याच्या गोळीबारात 10 पोलीस गेले, त्यांची आठवण. मैदानात ‘शोक शस्त्र’ होतं, म्हणजे बंदुका उलट्या धरून मानवंदना, बिगुल वाजतो, नावं वाचली जातात. पण नावं कुणाची? सरत्या वर्षात गेलेल्यांची. तुझ्या बाबांचं नाव एकदाच वाचलं गेलं असणार. पुढच्या वर्षी यादी नवी. यात खात्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, देशभरातून दर वर्षी इतकी नावं येतात की जुनी वाचायला वेळ कुठून आणणार. फक्त एवढं बघ, की तुझी आई त्या मैदानावर आपला माणूस शोधायला गेली तर तो तिथे नाही. चौकात शोधायला गेली तर तिथे मिशीवाला कुणी भलताच उभा आहे.

आणि मिशीला ‘एवढंच कारण’ म्हणू नकोस, मला राग येतो. तुकाराम ओंबळे म्हटलं की सगळ्या देशाला गिरगाव चौपाटी आठवते. हातात लाठी, समोर एके-47, आणि त्यांनी धरून ठेवलेली बंदुकीची नळी. खरंच आहे ते, आणि आठवायलाच हवं. पण केडंब्यातून निघालेल्या, आधी सैन्यात आणि मग मुंबई पोलिसात नोकरी केलेल्या त्या माणसाचं बाकीचं सगळं आयुष्य त्यांच्या घरच्यांकडेच असणार ना? शेवटचं मिनिट गावाचं, सरकारचं, सगळ्यांचं होतं. दाढी करताना आरशात तोंड कसं करायचे, हे घरात राहतं. तुझ्या आईकडे ते आहे, ती ते पाटीवर द्यायला तयार नाही, आणि तुला सांगावं तर तू तिला ‘शहीदाची पत्नी’ म्हणतोस. पत्र पुन्हा वाच. तिच्या वागण्याबद्दल तक्रार आहे, तिला काय आठवत असेल असा एकही प्रश्न नाही.

तर आता कर काय. कमिटीला सांग, अनावरण पुढे ढकला. आमदार साहेब पुढच्या महिन्यातही मोकळे असतील, नसले तरी चालेल. मग दिवाळीच्या आधीचे आठ दिवस दुपारी मैदानावर जाऊ नकोस, 1600 मीटर पहाटे पळ. सपरीत खाट टाकून बस. गाडी आली की फाटकाशी जा आणि पहिल्यांदा गाडीची चावी काढून खिशात घाल. ते नाही म्हणतील, घाई आहे म्हणतील, शेतावर माणसं आहेत म्हणतील. ऐकू नकोस. ‘या न जी काका, आईनं चहा टाकला आहे’ एवढं म्हण, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हण.

बाबा कसे गेले ते विचारायचं नाही. त्यांनी होऊन सांगितलं तर मान खाली घालून ऐक. तू विचार, बाबा रानात काय खायचे, घोरायचे का, पार्टीत त्यांना कोणत्या नावाने हाक मारायचे, तू झालास तेव्हा त्यांनी सगळ्यांना वाटायला काय आणलं. आई चहा घेऊन बाहेर येईल. आली तर तिला खाटेवर जागा दे आणि तू खाली बस. मध्येच ती काकांना म्हणेल, ‘नाही जी, असं नाही झालं,’ आणि दोघं तुझ्यासमोर भांडतील. भांडू दे.

मिशीचं त्या दोघांना विचार. मूर्तिकाराला माती आहे तोवर बदलता येतं.