वडिलांच्या निकॉन एफएम२ सोबतची ५० मिमी मॅन्युअल लेन्स सापडली आहे. माझ्या सोनीच्या मिररलेसवर वापरावी, की विकून ऑटोफोकसची घ्यावी? मित्र म्हणतात, मॅन्युअल फोकस आता फक्त शोकेसमध्ये शोभतो.

विकू नका. अ‍ॅडॅप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी) घ्या, लावा, चालते.

खरं तर एवढं सांगून थांबणार होतो, पण ते शोकेसचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमचे साडू अगदी हेच प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत मला ऐकवतात.

तर जेजुरी. सोमवती अमावस्या, खंडोबाची पालखी कऱ्हेच्या स्नानासाठी गडावरून निघायची वेळ. तिथे भंडारा कसा उधळतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पिवळ्या धुरळ्यात पुढचा माणूस दिसत नाही. साडूंकडे नवीकोरी २४-७० मिमीची झूम लेन्स, एफ २.८, डोळे ओळखून फोकस करणारी. माझ्याकडे सोनीची फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची) बॉडी आणि अ‍ॅडॅप्टरवर निकॉनची २८ मिमी एआय-एस, म्हणजे जुनी मॅन्युअल फोकसची लेन्स. पायऱ्यांवर जागा धरली, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) ८ वर आणलं, अंतराची रिंग सव्वातीन मीटरच्या आसपास ठेवली आणि नंतर तिला हात म्हणून लावला नाही. २८ मिमीला एवढ्यावर साधारण पावणेदोन मीटरपासून थेट अनंतापर्यंत सगळं शार्प मिळतं. गणित करायचीही गरज नाही, लेन्सच्या नळीवर त्याच्या रेघा कोरलेल्याच असतात. नव्या लेन्सवरून कंपन्यांनी त्या बहुतेक काढून टाकल्या, याचा मला अजून राग आहे.

पालखी आली. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा एकच गजर झाला आणि चारी बाजूंनी भंडारा उडाला. साडूंचा कॅमेरा आधी हवेतल्या हळदीवर अडकला, तिथून मागच्या दीपमाळेवर गेला, परत पुढे आला, पुन्हा मागे. ऑटोफोकसला पकडायला कुठेतरी कडा लागते, कॉन्ट्रास्ट लागतो, आणि त्या धुरळ्यात तोच उरत नाही. पालखी खांद्यांवरून डुलत पुढे निघून गेली तरी त्यांचं मागे-पुढे चालूच होतं. मला फक्त बटण दाबायचं होतं. एका फ्रेममध्ये तर म्हाताऱ्या भक्ताच्या पापण्यांवर बसलेला भंडारा कणाकणाने दिसतोय. परतताना गाडीत साडू म्हणाले, “तुझं नशीब जोरावर होतं.” वर त्यांच्या झूमच्या बाहेर येणाऱ्या नळीत हळद शिरली, ती साफ करून घ्यावी लागली ते वेगळंच.

आता तुमच्या कामाचं. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये (लेन्स अडकवायच्या जागेत) लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, सोनीच्या ई माउंटमध्ये सेन्सरपर्यंत फक्त १८. मधले २८.५ मिमी भरून काढायला पोकळ नळी पुरते, आत काच लागतच नाही. काचवाला कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या. मात्र स्वस्तातले अ‍ॅडॅप्टर बऱ्याचदा केसभर आखूड ठेवलेले असतात, म्हणजे अनंतावर फोकस पोचण्याची खात्री राहते. मग रिंगवरचे आकडे खोटे पडतात. घेतल्या घेतल्या रात्री चंद्रावर किंवा लांबच्या टॉवरवर स्क्रीन मोठी करून फोकस करा आणि रिंग कुठे थांबते ते बघून ठेवा. अंदाजाने फोकस लावायचा असेल तर हे केल्याशिवाय जेजुरीला जाऊ नका.

मेन्यूत ‘लेन्स नसताना शटर’ चालू करावं लागतं, नाहीतर कॅमेरा लेन्स नाही समजून ढिम्म हलत नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर तिथे लेन्सचा ५० हा आकडा हाताने भरा. पीकिंगच्या (फोकसमधला भाग रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत कडांवर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना विसंबू नका, डोळ्यावर झूम करूनच बघा. आणि कुणी ‘माझ्या निकॉन डी५६०० वर असल्या लेन्सला मीटरच (उजेड मोजणारा) चालत नाही’ म्हणालं तर ते खरं आहे, पण तो त्या बॉडीचा दोष. मिररलेसवर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत (छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा) मीटर व्यवस्थित चालतो.

हो, तुमची बॉडी सोनीच्या लहान सेन्सरच्या ए६००० मालिकेतली असेल तर ही ५० मिमी फुल-फ्रेमवरच्या ७५ सारखी दिसेल. माणसांच्या फोटोंना झकास, घरातल्या खोलीत अडचण. घरात धावणारं पोर असेल किंवा पक्ष्यांचा नाद असेल तर ऑटोफोकसची लेन्स घ्याच. तिथे साडूंचं बरोबर आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगणार नाही. पण ती घ्यायला ही विकायची काय गरज?

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: अ‍ॅडॅप्टरवर पैसे घालण्याआधी लेन्समध्ये मागून टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या बंद केसमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. कडेला थोडी असेल तर साफ होते. कोटिंग खाऊन आत उतरली असेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या. मात्र तेव्हा विकण्याचाही विचार सोडा, मुंबईच्या बोरा बाजारातला दुकानदार लेन्स हातात घेतल्यावर पहिल्यांदा टॉर्चच मारतो.