गप्प बसलेला उंदीर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

निर्गुडीच्या पानांच्या अर्काने अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं रायदिंग (पोटात टोचलेल्या अ‍ॅसिडच्या दुखण्याने उंदराचं पोट आक्रसून अंग ताणणं) निम्म्याहून खाली आलं, पण हॉट प्लेटवर (तापलेल्या पत्र्यावर उंदीर पंजा चाटायला किंवा उडी मारायला किती वेळ लावतो, ती चाचणी) १०० आणि २०० मिग्रॅ/किग्रॅला काहीच फरक नाही, फक्त ४०० ला वेळ वाढला. म्हणून हॉट प्लेट थिसिसमधून गाळू का, असं विचारतेस. गाळायची नाही. डायक्लोफेनॅक या दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकाचंही तसंच होतं: रायदिंग घटतं, हॉट प्लेटवर जवळपास शून्य. तिथे तुलनेला मॉर्फिन किंवा पेंटाझोसिनसारखं मेंदूवर काम करणारं वेदनाशामक लागतं.

मला घोर आहे तो ४०० चा. त्या गटातले उंदीर कोपऱ्यात गप्प होते, हे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस. अगं, ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

गप्प बसलेला उंदीर म्हणजे दुखणं थांबलेला उंदीर नव्हे. गुंगी आणणारं, स्नायू सैल करणारं, अगदी अ‍ॅलर्जीचं औषधसुद्धा रायदिंग कमी करू शकतं. हॉट प्लेटवर पंजा चाटायचा किंवा उडी मारायची, तर अंगात हालचाल हवी ना? म्हणून आधी रोटारॉड, म्हणजे फिरत्या दांड्यावर उंदीर किती वेळ टिकतो ती चाचणी. आदल्या दिवशी मिनिटाला १२ फेऱ्यांवर पूर्ण २ मिनिटं टिकणारे उंदीर निवड. अर्क दिल्यावर रायदिंग जितक्या वेळाने मोजलंस, तितक्याच वेळाने त्यांना दांड्यावर ठेव. ४०० वाले पडले तर तो डोस वेदनाशमनाच्या तक्त्यातून बाहेर. मंजूर प्रोटोकॉलमध्ये रोटारॉड नसेल, तर आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीकडे) दुरुस्तीचा अर्ज टाक. महिना जाईल, जाऊ दे. या मुद्द्यावरून माझ्याशी भांडलेले लोक पुष्कळ आहेत, आणि ते अजून मला पटलेले नाहीत.

अर्क तोंडावाटेच दे. अ‍ॅसिड पोटात टोचतेस, तिथेच अर्कही टोचलास तर दोघांची गाठ पोटातच पडते. कमी झालेलं रायदिंग मग कशामुळे, हे कोण सांगणार? २५ ग्रॅमच्या उंदराला २०० मिग्रॅ/किग्रॅ म्हणजे ५ मिग्रॅ. ते ०.२५ मिलीत बसवायचं, म्हणजे मिलीला २० मिग्रॅ. चिकट अर्क आधी खलात थोड्या ट्वीन ८० बरोबर (पाण्यात न विरघळणारं पाण्यात मिसळवणारं द्रव्य) घोट, मग पाणी थेंबाथेंबाने. प्रत्येक सिरिंज भरण्याआधी बाटली हलव, नाहीतर अर्क तळाशी बसतो आणि एकाच गटातल्या उंदरांना वेगवेगळा डोस जातो. कंट्रोल गटालाही तितकंच ट्वीनचं पाणी.

मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. पोट आक्रसून मागचा पाय ताणला, तरच एक धरायचं. नुसतं पोट दबलं तर नाही. आपल्याला हवा तो गट माहीत असला की डोळा हळूच ढिला पडतो, तुझाही पडेल.

रोटारॉड नीट निघाला, तरच फॉर्मॅलिनची चाचणी: २.५ टक्क्यांचं २० मायक्रोलिटर पंजाच्या तळव्यात टोचायचं आणि उंदीर तो पंजा किती वेळ चाटतो ते मोजायचं. पहिली ५ मिनिटं वेगळी, १५ ते ३० वेगळी. फक्त दुसरा टप्पा दबला तर दाहाकडे बघ. दोन्ही दबले तर आधी नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध) देऊन परिणाम पुसला जातो का ते तपास. आणि दोन्ही दबले पण उंदीर गप्प असला, तर पुन्हा तेच.

रोटारॉडचे आकडे आधी पाठव. रायदिंगचा आलेख नंतर बघू.