खांदा भरून आला, ग्रास कटर ढिम्म!

प्रश्न : आंब्याच्या बागेतला टू-स्ट्रोक ग्रास कटर ऑक्टोबरात वापरून पडवीत टांगला होता. आता जूनमध्ये दोरी ओढून खांदा भरून आला, तरी सुरू होत नाही. नवा प्लग घालू का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : प्लगच्या आधी टाकीत डोकवा. ऑक्टोबरचंच पेट्रोल आहे ना? तोच चोर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. त्यात आपली कोकणातली हवा! शिवाय शिळं पेट्रोल आटलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकटा धरतो. ते डब्यात काढा, कलमांच्या बुंध्याशी ओतू नका. ताज्या पेट्रोलमध्ये मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात ऑइल घाला. बऱ्याच मशीनना लिटरला २० ते २५ मिली लागतं. अंदाजपंचे नको.

मग प्लग काढा. ओला निघाला तर चोक ओढून तुम्ही इंजिनाला पेट्रोल जास्त पाजलंय. पुसा, बटण बंद ठेवून प्लगशिवाय पाच-सहा वेळा दोरी ओढा, थोडं सुकू द्या, मग चोक न लावता सुरू करा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचतच नाहीये : टाकीतला फिल्टर आणि तडकलेली नळी बघा. तेही ठीक असेल तर कार्ब्युरेटर मेकॅनिककडून साफ करून घ्या.

आणि हो, हँडलवरचं बटण चालूवर आहे ना? हसू नका, मी स्वतः अर्धा तास घाम गाळलाय.