तबली बदलताना : गिटारची प्रश्नोत्तरे

एप्रिल-मे सरला की गिटार दुरुस्तीचे प्रश्न एकदम वाढतात, आणि यंदाचे बहुतेक प्रश्न एकाच भागाबद्दल आहेत: गिटारची वरची फळी. सतारवाले तिला तबली म्हणतात. इथेही तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न (भुसावळ): ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद अंगाची) गिटार बारा वर्षं जुनी आहे. ब्रिजच्या (तबलीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागे तबली फुगली आहे, ध्वनिछिद्राजवळ खाली बसली आहे. दुकानदार नवी तबली टाकायला सांगतो. टाकावी का?

लगेच नको. आधी फुगवटा मोजा. ब्रिजच्या मागे तबलीवर आडवी लोखंडी पट्टी ठेवा आणि कडेला किती फट पडते ते पाहा. 12-53 चा लाइट सेट (12 ते 53 हजारांश इंच जाडीच्या तारा) सुरात असताना तारा मिळून सुमारे 70 किलोच्या ताणानं ओढतात, त्यामुळे दोन-तीन मिमी फुगवटा स्टील तारांच्या गिटारला येतोच. तो दोष नाही. पाच मिमीच्या वर गेला असेल आणि ब्रिज व ध्वनिछिद्र यांमधला भाग खोलगट दिसत असेल, तर तारा सैल करून आतून तपासणी करा. मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा आत घाला. प्रत्येक ब्रेसच्या (तबलीला आतून चिकटवलेली आधाराची पट्टी) कडेनं कागदाची पातळ पट्टी सरकवून पाहा. कागद आत जातो तिथे ब्रेस सुटली आहे. बोटानं टकटक केल्यावर तिथे फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो.

सुटलेली ब्रेस पुन्हा चिकटवणं हे एका दिवसाचं काम आहे. एखादी चीर आतून लाकडाची छोटी टिकली लावून बंद होते. नवी तबली तेव्हाच टाकावी, जेव्हा एक्सच्या (एकमेकींना छेदणाऱ्या मुख्य) दोन्ही ब्रेस मोडल्या असतील, ब्रिजखालची पट्टी तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी फाडली असेल, किंवा आधी कुणी आत एपॉक्सी ओतून ठेवलं असेल.

आणखी एक गोष्ट पाहा. ध्वनिछिद्राच्या कडेला वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा जाडीतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर तबली अखंड लाकडाची आहे. मध्येच आडवा थर दिसला तर प्लाय आहे. बाजू आणि पाठही प्लायच्या असतील तर नव्या तबलीचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होईल. हात बसवण्यासाठी करायचं तर जरूर करा. बाजू-पाठ अखंड शिसवाच्या असतील तर मात्र एवढी मेहनत घेण्यासारखं वाद्य तुमच्याकडे आहे.

प्रश्न (धुळे): ओळखीच्या सुताराकडे सातपुड्यातलं जुनं, वाळलेलं सागवान आहे. सतारीची तबली सागवानी चालते, मग गिटारची का नाही?

चालत नाही, आणि कारण तारा कुठे बांधल्या आहेत यात आहे. सतारीच्या तारा घोडीवरून जाऊन खाली लंगोटाला (भोपळ्याच्या तळाशी असलेल्या खुंटीला) बांधलेल्या असतात, म्हणजे घोडी तबलीला फक्त खाली दाबते. गिटारच्या तारा ब्रिजमध्येच अडकवलेल्या असतात. त्या ब्रिजला पुढे उपटायला पाहतात आणि तबलीला पीळ देतात. हा पीळ सोसायचा आणि तरीही हलकं राहायचं, ही दुहेरी मागणी स्प्रूस (एका सूचिपर्णी झाडाचं लाकूड) पुरी करतो.

वजनाचा हिशेब पाहा. ड्रेडनॉटच्या आकाराची 2.8 मिमी जाड तबली स्प्रूसची असेल तर साधारण 170 ग्रॅम भरते, सागवानाची 265 च्या आसपास. ताठपणात दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे शंभर ग्रॅम ओझं फुकटचं. तेवढं लाकूड हलवण्यात तारेची ताकद खर्च होते आणि आवाज बसका येतो. सागाला तेलही असतं. थिनरनं पुसून लगेच सांधलं नाही तर गोंद धरत नाही.

वाद्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडून स्प्रूसचा जोडफळीचा सेट मागवा. टोकाकडून पाहिल्यावर वार्षिक रेषा फळीला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. ते सागवान साच्यासाठी ठेवा. घरात शिसवाचा तुकडा असेल तर त्याचा ब्रिज उत्तम होतो.

प्रश्न (जळगाव): जुनी तबली काढताना बाजू तुटतील अशी भीती वाटते. क्रम काय ठेवावा?

भीती योग्य आहे. तबली निघाली की बाजू स्प्रिंगसारख्या उघडतात, आणि मग नवी तबली कुठल्याच कडेला जुळत नाही. म्हणून करवत हातात घेण्याआधी 18 मिमी प्लायचे तुकडे एकावर एक चिकटवून गिटारच्या बाहेरच्या आकाराचा दोन भागांचा साचा करा. गिटार त्यात घट्ट बसली पाहिजे. तबली निघाल्यावर आतून कमरेला आणि खालच्या फुगीर भागाला आडव्या टेकण्या द्या.

तारा असतानाच दोन मापं लिहून ठेवा. एक, नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) अंतर. दुसरं, फ्रेटांवर लांब पट्टी ठेवल्यावर ती ब्रिजच्या माथ्याला टेकते की खाली आपटते. आपटत असेल तर मानेचा कोन बिघडला आहे आणि मान परत बसवताना तो सुधारायचा आहे.

नंतर ब्रिज. सुती कापड ठेवून त्यावर इस्त्री, मग पातळ पात्याची पट्टी रेषांच्या दिशेनं. घाई केली की तबलीच्या ढलप्या निघतात. इथे जुनी तबली फेकायचीच आहे, पण ब्रिज वाचवायचा आहे. फिंगरबोर्डचा (फ्रेट बसवलेली मानेवरची फळी) तबलीवर आलेला भागही असाच गरम करून सोडवा.

मान बोल्टची असेल तर ॲलन कीनं दोन मिनिटांत सुटते. डवटेलची (खाचेत अडकणारा, पाचरीच्या आकाराचा लाकडी सांधा) असेल, आणि मान चौदाव्या फ्रेटला अंगाला मिळत असेल, तर पंधरावी फ्रेट काढून तिच्या खाचेतून अडीच-तीन मिमीचं भोक पाडा. ते डवटेलच्या पोकळीत उतरतं. तिथे कुकरच्या नळीला उष्णता सोसणारा पाइप जोडून वाफ सोडतात. पाइपचं तोंड कधीही पूर्ण बंद होऊ देऊ नका, कुकरमध्ये दाब साठतो. दोन-तीन मिनिटं वाफ, मग मानेच्या टाचेखालून हलका दाब, पुन्हा वाफ. स्वस्त गिटारमध्ये मान लाकडी खुंट्या आणि एपॉक्सीनं बसवलेली असते, ती वाफेला दाद देत नाही. तशी असेल तर हा उद्योग थांबवा.

कडेच्या प्लास्टिक पट्टीचा सांधा धारदार सुरीनं चिरा, हेअर ड्रायरनं गरम करा, पट्टी निघते. जुनी पट्टी सेल्युलॉइडची असू शकते आणि ती भडकन पेटते, त्यामुळे मेणबत्ती किंवा लायटर जवळ नको.

आता तबली. सगळी एकदम उचकटू नका. आतल्या लायनिंगपासून (बाजूंच्या आतल्या कडेची, तबली चिकटते ती पट्टी) आठ-दहा मिमी आत राहून पातळ करवतीनं मधला भाग कापून काढा. कडेला जे कडं उरतं ते पटाशीनं थोडं थोडं छाटा. ब्रेसची टोकं लायनिंगच्या खाचांत अडकलेली असतात, ती शेवटी कोरून काढा. कमरेपाशी लायनिंग सर्वांत आधी तुटतं, कारण तिथे पटाशी रेषांच्या विरुद्ध चालते. तिथे दोन्ही बाजूंनी मध्याकडे या.

प्रश्न (चोपडा): एक्स ब्रेसिंगची मापं द्या. घुमट ठेवायचा म्हणजे नेमकं काय?

एक्स ब्रेसिंग मार्टिनच्या गिटारांवर 1840 च्या दशकापासून दिसतं. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे स्टीलच्या तारा आल्या तेव्हा त्यांचा ताण पेलायला हीच रचना उपयोगी पडली.

तबली आधी 3 मिमीपर्यंत रंधून घ्या. जोड आणि रोझेट (ध्वनिछिद्राभोवतीची नक्षी) झाल्यावर 2.8 पर्यंत उतरा. दोन फळ्यांचा मधला सांधा दिव्यासमोर धरा. उजेडाची बारीक रेघही दिसली तर पुन्हा रंधा. क्लॅम्पच्या जोरानं फट मिटवलेला सांधा पुढच्या उन्हाळ्यात उघडतो.

एक्सच्या ब्रेस 8 मिमी रुंद आणि छेदावर 15 ते 16 मिमी उंच. दोन पायांमधला कोन साधारण 98 अंश. छेद ध्वनिछिद्राच्या काठापासून 30 ते 40 मिमी मागे ठेवा, आणि एक्सचे पाय ब्रिजच्या खालच्या कोपऱ्यांखालून जातील असं पाहा. फिंगरबोर्डखालची आडवी ब्रेस 10 ते 12 मिमी रुंद आणि 15 मिमी उंच. ब्रिजमागच्या दोन तिरप्या टोन बार सुमारे 7 मिमी रुंद आणि 12 मिमी उंच. बाजूच्या चार छोट्या ब्रेस 6 बाय 8. ब्रिजखाली मेपल किंवा शिसवाची अडीच मिमी पट्टी.

ब्रेसचं लाकूड करवतीनं कापण्याआधी पटाशीनं फोडा. फोडलं की तंतू कुठे चालले आहेत ते कळतं. त्या फोडलेल्या पृष्ठाला समांतर कापलेली ब्रेस मोडत नाही, तिरप्या तंतूंची मोडते. उंची तीच ठेवून रुंदी कमी केली तर ताठपणा त्याच प्रमाणात उतरतो, पण उंची निम्मी केली तर ताठपणा आठपट उतरतो. म्हणून उंची छाटताना दर वेळी अर्धा मिमीच.

छेदावर दोन्ही ब्रेसमध्ये अर्धी अर्धी खाच पडते. जिची खाच आतल्या बाजूला, म्हणजे गिटारच्या पोटाकडे, उघडी राहते ती ब्रेस तिथे निम्मीच उरलेली असते. त्या खाचेवर सरसात (प्राणिज गोंदात) बुडवलेलं सुती कापड किंवा स्प्रूसची टोपी चिकटवलीच पाहिजे. जुन्या गिटारमध्ये एक्स इथूनच तुटलेला सापडतो.

घुमट म्हणजे तबलीला दिलेला हलका फुगीरपणा, साधारण 28 फूट त्रिज्येचा. ब्रेसचा चिकटणारा तळ त्या वक्राला घासायचा आणि तबली त्याच वक्राच्या खोलगट थाळीवर ठेवून ब्रेस चिकटवायच्या. दाब द्यायला क्लॅम्प पुरत नाहीत. दोन जाड प्लाय 60 सेमी अंतरावर उभे करा आणि मध्ये बांबूच्या 62-63 सेमी लांब चिपा वाकवून अडकवा. प्रत्येक चीप ब्रेसला खाली दाबते. सातपुड्यातला पक्का बांबू यासाठी फायबरच्या कांड्यांइतकाच चांगला. बांबूच्या गाठी तासून घ्या, नाहीतर चीप उडून डोळ्याला लागते.

ब्रेसची टोकं लायनिंगमध्ये शिरतात तिथे दोन-अडीच मिमीपर्यंत उतरती करा. पहिल्याच गिटारला मध्ये खळगे पाडू नका. ते काम तारा चढवून आवाज ऐकल्यावर ध्वनिछिद्रातून हात घालूनही करता येतं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

प्रश्न (शहादा): गोंद कुठला वापरावा, आणि हे काम कुठल्या महिन्यात करावं?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. खानदेशात गिटारची तबली फाटते ती बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी चिकटवलेली असते म्हणून.

स्प्रूस रेषांना आडवा आकसतो, लांबीत जवळजवळ नाही. लाकडातला ओलावा एक टक्का उतरला की 400 मिमी रुंद तबली सुमारे 0.6 मिमी आकसते. ऑगस्टमध्ये 75 टक्के आर्द्रतेत लाकडात सुमारे 14 टक्के ओलावा असतो. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा 20 टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा तो 4 वर उतरू पाहतो. म्हणजे तबलीला सहा मिमी आकसायचं असतं. पॉलिशमुळे आणि रात्रीच्या हवेमुळे तेवढं पूर्ण घडत नाही, पण तीन-चार मिमीही खूप झालं, कारण ब्रेस लांबीत आकसत नाहीत आणि तबलीला धरून ठेवतात. घुमट सपाट होतो, मग खोलगट, मग ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत चीर. उलट मे महिन्यात चिकटवलेली तबली पावसाळ्यात फुगते आणि तारा फ्रेटपासून वर जातात.

ब्रेस चिकटवताना खोलीत 40 ते 45 टक्के आर्द्रता हवी, आणि तबली व ब्रेसचं लाकूड त्याच हवेत निदान आठवडाभर ठेवलेलं हवं. आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे, ही हवा सहज मिळते. पावसाळ्यातच करायचं असेल तर बंद कपाटात साधा पिवळा बल्ब लावून हवा कोरडी करा, लाकूड बल्बपासून लांब ठेवा.

हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजायचं यंत्र) डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून चिखल करा, मीटरसकट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवलं पाहिजे. 69 दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात सहा मिळवा.

आता गोंद. सरस उत्तम: रात्रभर भिजवून, 60 अंशांवर, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून. उकळला की ताकद जाते. थंड खोलीत तो मिनिटाच्या आत गोठतो, आपल्याकडे थोडा वेळ जास्त मिळतो. सरस जमत नसेल तर लाकूडकामाचा पिवळा गोंद. फर्निचरचा पांढरा पीव्हीए गोंद कपाटाला ठीक, पण सतत ताणाखाली आणि उन्हात तो हळूहळू सरकतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या गिटारचा ब्रिज एक-दोन मिमी पुढे आलेला दिसतो तो यामुळे. एपॉक्सी ब्रेसला नकोच, पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते.

प्रश्न (नवापूर): प्रार्थनेच्या गिटारला नवी तबली टाकली. मोकळ्या तारा सुरात, पण बाराव्या फ्रेटवर सूर चढतो. ब्रिज जुन्याच जागी लावला आहे.

नव्या तबलीवर "जुनी जागा" नसते. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्या, समजा 324 मिमी. बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) बारीक ई तारेला त्यापेक्षा सुमारे 2 मिमी जास्त आणि जाड ई तारेला सुमारे 5 मिमी जास्त हवं, म्हणजे 326 आणि 329. म्हणूनच सॅडल तिरपं असतं. सूर चढतो म्हणजे तार आखूड पडते. फरक एक मिमीच्या आत असेल तर सॅडलचा माथा मागच्या बाजूला झुकेल असा कानशीनं घासा. जास्त असेल तर शिसवाची पट्टी भरून खाच बुजवा आणि मागे नवी पाडा. सगळ्या तारा दोन-तीन मिमीनं चुकत असतील तर ब्रिजच काढून पुन्हा लावा.

प्रश्न (चाळीसगाव): नवी तबली लागून आठ दिवस झाले. पॉलिश कधी करावं? आणि खोलीत कूलर चालतो, चालेल का?

पॉलिश आता करू शकता. लाखेचं पातळ फ्रेंच पॉलिश तबलीला सर्वांत चांगलं. पावसाळी दिवशी करू नका, लाख पांढरी पडते. ब्रिजच्या जागेवर पॉलिश जाऊ देऊ नका, तिथे लाकडाला लाकूड भिडलं पाहिजे. तारा चढवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तबली मिमीभर वर येईल. ते अपेक्षित आहे. सॅडलची शेवटची उंची त्यानंतर ठरवा: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिमी, बारीक तारेखाली 1.8.

कूलर मात्र घातक. बंद खोलीत तो काही तासांत हवा 20 वरून 70 टक्क्यांवर नेतो, आणि बंद केला की दुपारपर्यंत पुन्हा 20. रोज असा हिसका लाकडाला सोसत नाही. गिटार कूलरच्या खोलीत भिंतीला टांगू नका. कडक पेटीत, बंद ठेवा. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घाला, ती पेटीत मानेच्या टाचेजवळ ठेवा आणि मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दर तीन दिवसांनी स्पंज ओला करा. पाऊस सुरू झाला की डबी काढून टाका.